मायनस दहाचं गणित: जाड चष्मा घालवण्याच्या ऑपरेशनांचा इतिहास

आजचा भाग थोडा लांब आहे आणि तो मुद्दाम जाड चष्मेवाल्यांसाठी आहे. मायनस दोन-तीनवाल्यांनीही ऐकावा, हरकत नाही, पण त्यांच्यासाठी जगात सोयी पुष्कळ आहेत. आज बोलायचंय मायनस आठ, दहा, पंधराबद्दल. शाळेत ज्यांना ‘चष्मिस’ आणि ‘ढापण्या’ ही दोन्ही नावं मिळाली, सकाळी डोळे उघडल्यावर जे आधी उशाशी हात फिरवतात, आणि चष्मा खाली पडला तर तो शोधायला ज्यांना दुसऱ्या कुणाला तरी हाक मारावी लागते, त्या मंडळींबद्दल.

या मंडळींना एक सल्ला हमखास मिळतो. “लेसर करून टाक ना, दहा मिनिटांचं काम आहे.” मग ते डॉक्टरकडे जातात. कॉर्नियाची जाडी, त्याचा नकाशा, पडद्याची तपासणी असं सगळं होतं, आणि डॉक्टर म्हणतात, “तुम्हाला लेसर नको. आपण डोळ्यात लेन्स बसवू.” ऐकणारा हादरतो. लेसर म्हणजे आधुनिक, आणि डोळ्यात लेन्स म्हणजे आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. वर खर्चाचा आकडाही वाढतो. मग शंका येते, हा खरा सल्ला आहे की बिल वाढवायचा प्रकार?

हे नीट कळायला साधारण १३० वर्षं मागे जावं लागतं. एवढ्या काळात जास्त नंबर घालवायच्या दोनच तऱ्हा निघाल्यात. एक, डोळ्यातून काहीतरी काढायचं. दोन, डोळ्यात काहीतरी घालायचं. आणि दोन्ही तऱ्हांचं खरं बिल बऱ्याचदा ऑपरेशनच्या दिवशी नाही, तर दहा-वीस वर्षांनी आलंय. कोणतं बिल कशामुळे आलं ते कळलं, की आजचा डॉक्टर काय म्हणतोय ते आपोआप कळतं.

आधी दोन मिनिटं बेसिक. डोळा म्हणजे कॅमेरा, हे आपण शाळेत शिकलो. पुढची पारदर्शक काच म्हणजे कॉर्निया. त्याच्या मागे रंगीत बुबुळ, बुबुळाच्या मागे नैसर्गिक भिंग, आणि एकदम मागे पडदा, म्हणजे रेटिना. मोठ्या माणसाचा साधा डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर लांब असतो. जास्त मायनस नंबरमध्ये बहुतेक वेळा बिघाड पुढच्या काचेत नसतो, डोळाच लांब झालेला असतो. एक मिलिमीटर जास्त म्हणजे ढोबळमानाने अडीच-तीन नंबर. मायनस दहाचा डोळा २७-२८ मिलिमीटर असू शकतो. चित्र पडद्याच्या अलीकडेच पडतं आणि लांबचं धूसर दिसतं. फुगा जास्त फुगवला की रबर पातळ होतं ना, तसा लांब डोळ्याचा मागचा पडदाही ताणलेला, पातळ असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

तर गोष्ट सुरू होते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात. विन्सेंझ फुकाला नावाचे एक नेत्रतज्ज्ञ होते. त्यांचा विचार असा: डोळा लांब आहे म्हणजे त्याच्यासाठी भिंगाची ताकद जास्त होतेय. मग आतलं नैसर्गिक भिंगच काढून टाकलं तर? मोतीबिंदूत भिंग काढतातच, फरक एवढाच की इथे भिंग स्वच्छ, तरुण आणि चांगलं होतं. साधारण मायनस अठराच्या आसपासचा डोळा भिंग काढल्यावर लांबचं जवळपास चष्म्याशिवाय पाहू लागतो, असं ते गणित होतं. १८९० साली त्यांनी हे जर्मन नेत्रवैद्यकाच्या मोठ्या नियतकालिकात मांडलं आणि युरोपभर त्याची लाट आली. तरुणांचं भिंग मऊ असतं, त्यामुळे सुईने त्याच्या आवरणाला भोक पाडायचं, भिंग आपोआप फुगून विरघळायला लागतं, आणि उरलेलं नंतर धुऊन काढायचं. भूल म्हणून कोकेनचे थेंब. ते १८८४ मध्येच आले होते, नाहीतर हे सगळं सोसणं कठीणच होतं.

विचार करा, तेव्हा मायनस अठराच्या माणसाला काय पर्याय होता? जड काचेचा चष्मा, ज्यातून सगळं जग बारीक आणि कडेला वाकडं दिसायचं. अशा माणसाला अचानक रस्त्याच्या पलीकडची पाटी वाचता आली तर तो फुकालांच्या पाया पडेल. मला त्या रुग्णांचा निर्णय मूर्खपणाचा अजिबात वाटत नाही.

पण काही वर्षांनी बिल आलं. भिंग काढलं की डोळ्याच्या आतली रचना सैल होते, आतली जेली पुढे सरकते आणि आधीच ताणलेल्या पडद्याला ओढ बसते. काहींचा पडदा सुटला. आज पडदा सुटला तर ऑपरेशन असतं. तेव्हा नव्हतं. सुटलेला पडदा पुन्हा चिकटवता येतो हे स्वित्झर्लंडच्या ज्यूल गोनँ यांनी दाखवलं ते १९२० च्या दशकात. त्याआधी पडदा सुटला म्हणजे तो डोळा गेलाच. विसावं शतक सुरू होता होता फुकालांचं ऑपरेशन मागे पडत गेलं.

यानंतर डॉक्टरांचं लक्ष आतून बाहेर आलं. डोळ्याच्या आत शिरायचं नाही, पुढची काचच चपटी करायची. चपटी झाली की तिची ताकद कमी होते आणि चित्र मागे सरकतं.

तोक्योच्या जुन्तेन्दो विद्यापीठात त्सुतोमु सातो यांनी एक रुग्ण पाहिला. त्याचा कॉर्निया शंकूसारखा पुढे आला होता. त्या आजाराला केराटोकोनस म्हणतात. त्या कॉर्नियाच्या आतल्या थराला आपोआप चीर पडली, ती भरून आली आणि कॉर्निया चपटा झाला. सातोंना वाटलं, हेच आपण मुद्दाम केलं तर? १९४० च्या आसपास त्यांनी कॉर्नियाला पुढून आणि मागून, म्हणजे डोळ्याच्या आतल्या बाजूनेही, किरणांसारख्या चिरा द्यायला सुरुवात केली. १९५३ मध्ये अमेरिकन नियतकालिकात त्यांचा पेपर आला. नंबर कमी होत होता, सरासरी तीनच्या आसपास. म्हणजे खऱ्या जाड चष्मेवाल्याला तसाही अर्धवटच फायदा.

घोळ मागच्या चिरांमध्ये होता. कॉर्नियाच्या अगदी आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, एन्डोथेलियम. या पेशी म्हणजे पंप. कॉर्नियात शिरणारं पाणी त्या सतत बाहेर काढतात, म्हणून तो काचेसारखा स्वच्छ राहतो. माणसात या पेशी मेल्या की नव्या तयार होत नाहीत. जेवढ्या घेऊन आलात तेवढ्याच. सातोंच्या काळात हे कुणाला नीट माहीत नव्हतं. चिरा देताना पेशी मेल्या, तरी उरलेल्या पेशींनी वर्षानुवर्षं काम ओढलं. आणि मग पंधरा-वीस वर्षांनी बहुसंख्य रुग्णांचे कॉर्निया सुजून पांढरे पडायला लागले. सातो १९६० मध्येच वारले होते. आपण काय पेरलंय ते त्यांनी पाहिलंच नाही.

यावर पटकन ‘वाईट डॉक्टर’ म्हणून शिक्का मारू नका. पाच वर्षांचा फॉलोअप घेऊनही काही दिसलं नसतं. सॉफ्टवेअरमध्ये आपण ज्याला मेमरी लीक म्हणतो तसलाच प्रकार. सगळ्या टेस्ट पास होतात आणि सर्व्हर तिसऱ्या आठवड्यात बसतो.

इकडे कोलंबियात वेगळंच चाललं होतं. होसे इग्नासिओ बाराकेर हे मूळचे बार्सिलोनाच्या प्रसिद्ध नेत्रतज्ज्ञ घराण्यातले, १९५० च्या दशकात बोगोताला स्थायिक झाले. त्यांची कल्पना ऐकून आजही अंगावर काटा येतो. कॉर्नियाची वरची चकती कापून बाहेर काढायची, ती गोठवायची, छोट्या लेथ मशिनवर कॉन्टॅक्ट लेन्ससारखी घासून आकार द्यायचा, वितळवायची, आणि परत डोळ्यावर शिवायची! १९६० च्या दशकात त्यांनी हे माणसांवर केलं. हे जास्त नंबरसाठीच होतं आणि चालायचंही, पण जगात मोजक्याच लोकांना जमायचं. तरी कॉर्नियाचा पातळ पापुद्रा कापणारं यंत्र आणि ‘आतलं मांस कमी करा, वरचं झाकण ठेवा’ ही कल्पना, दोन्ही गोष्टी बाराकेर यांच्या. लॅसिकचा अर्धा भाग इथे तयार झाला.

मधे मॉस्कोचे स्व्यातोस्लाव फ्योदोरोव्ह येतात, आणि यांच्यावर खरं तर वेगळा भाग करायला हवा. चष्मा फुटून काच डोळ्यात गेलेल्या एका मुलाची गोष्ट ते सांगायचे: जखमा भरल्या आणि नंबर कमी झाला! त्यावरून १९७० च्या दशकात त्यांनी फक्त पुढून चिरा द्यायचं ऑपरेशन बसवलं, रेडियल केराटोटॉमी. सातोंची चूक टाळली, मागच्या थराला हात लावला नाही. त्यांच्या संस्थेत रुग्ण गोल फिरणाऱ्या टेबलांवर झोपायचे, आणि प्रत्येक सर्जन एकच टप्पा करून पुढच्याकडे पाठवायचा. अक्षरशः असेंब्ली लाइन. अमेरिकेत ही शस्त्रक्रिया १९७८ पासून सुरू झाली आणि अफाट गाजली.

पण इथे गंमत बघा. सुरुवात झाली होती मायनस अठरावाल्यापासून, आणि लोकप्रिय झालं ते ऑपरेशन हलक्या-मध्यम नंबरवाल्यांचं. अमेरिकेत सरकारी पैशाने याचा मोठा अभ्यास झाला, त्यातसुद्धा मायनस पावणेनऊच्या वरचे डोळे घेतलेच नव्हते. त्या अभ्यासाचे दहा वर्षांचे निकाल १९९४ मध्ये आले: ४३ टक्के डोळ्यांचा नंबर प्लसच्या दिशेने एक किंवा त्याहून जास्त सरकला होता. चिरा दिलेला कॉर्निया स्थिर होतच नव्हता, हळूहळू चपटा होत राहिला. १९९६ च्या एव्हरेस्ट दुर्घटनेतले बेक वेदर्स ऐकलेत? त्यांनी हेच ऑपरेशन केलेलं होतं. उंचीवर ऑक्सिजन कमी झाल्यावर त्यांचा कॉर्निया बदलला, दिसेनासं झालं, आणि ते शिखराच्या वाटेवर अडकून पडले.

आता आपल्या माणसाची एन्ट्री. रंगास्वामी श्रीनिवासन, जन्म १९२९, मद्रास. न्यू यॉर्क राज्यातल्या आयबीएमच्या संशोधन केंद्रात रसायनशास्त्रज्ञ. तिथे एक्सायमर लेसरने, म्हणजे १९३ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांनी, प्लास्टिकवर बारीक कोरीव काम करण्याचे प्रयोग चालले होते. हा लेसर जाळत नाही. रेणूंचे बंध तोडतो आणि तेवढाच पापुद्रा उडून जातो, शेजारचं शाबूत. १९८१ च्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या जेवणातला उरलेला टर्कीचा तुकडा श्रीनिवासन प्रयोगशाळेत घेऊन आले आणि त्यावर लेसर मारला. कड न जळता स्वच्छ खाच पडली. त्यांच्या गटाचा तो माणसाच्या केसावर कोरलेल्या खाचांचा फोटो तुम्ही पाहिला असेल, नसेल तर आत्ता शोधा. सॅम्युएल ब्लम आणि जेम्स विन हे त्यांचे सहकारी. तिघांना पुढे अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं.

स्टीफन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञांनी १९८३ मध्ये श्रीनिवासन यांच्याबरोबर दाखवलं की हे कॉर्नियावर चालतं. १९८८ मध्ये लुइझियानात एका बाईंचा डोळा कॅन्सरमुळे काढावाच लागणार होता. त्यांनी स्वतःहून सांगितलं, आधी त्यावर प्रयोग करा. डॉक्टर मार्गरिट मॅकडॉनल्ड यांनी त्या चांगल्या दिसणाऱ्या डोळ्यावर लेसर केला, आणि नंतर डोळा काढून तपासला. लाखो लोकांच्या लेसरच्या मुळाशी त्या बाईंचा होकार आहे.

नुसता वरून लेसर मारायच्या पद्धतीत, पीआरकेत, जास्त नंबरला धुरकट डाग पडायचा आणि नंबर परत यायचा. मग १९९० मध्ये ग्रीसच्या क्रीट बेटावर आयोआनिस पॅलिकारिस यांनी बाराकेर यांचा पापुद्रा आणि श्रीनिवासन यांचा लेसर एकत्र केला. पापुद्रा उचला, खाली लेसर मारा, पापुद्रा परत ठेवा. नाव दिलं लॅसिक. डाग नाही, दुखणं कमी, दुसऱ्या दिवशी ऑफिस. जाड चष्मेवाल्यांना वाटलं, आला आपला दिवस. त्या काळात मायनस पंधरा-वीसवरही लॅसिक झालंय.

इथे थोडं गणित करू. लेसर किती खोल जाणार याचं सोपं सूत्र चार्ल्स मनरलिन यांनी दिलं, आणि तेही ऑप्टिकल इंजिनिअर, म्हणून माझे लाडके. नंबर गुणिले व्यासाचा वर्ग, भागिले तीन. उत्तर मायक्रॉनमध्ये. सहा मिलिमीटर व्यास घेतला तर ३६ भागिले ३, म्हणजे दर नंबरला १२ मायक्रॉन. प्रत्यक्षात मशिन थोडं जास्तच काढतं. मायनस तीनला ३६ मायक्रॉन, काहीच नाही. मायनस दहाला १२०.

तुमचं बजेट किती? सरासरी कॉर्निया ५४० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे अर्धा मिलिमीटर. जुन्या ब्लेडचा पापुद्रा १६० मायक्रॉनचा धरा. एकदा कापला की तो झाकण म्हणून राहतो, पण ताकदीच्या हिशोबात जवळपास शून्य. ५४० वजा १६० वजा १२०, उरले २६०. आणि किमान २५० उरायलाच हवेत असा संकेत होता. आता तुमचा कॉर्निया मुळात ५०० चा असेल तर? उरले २२०. खलास.

मग काहींनी जुगाड केलं: व्यास कमी करा. पाच मिलिमीटरला दर नंबरमागे साधारण आठच मायक्रॉन लागतात. वाचलं की! पण रात्री बाहुली सहा-सात मिलिमीटर उघडते. कडेचा प्रकाश न कोरलेल्या भागातून आत येतो, आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या दिव्याभोवती कडं दिसतं. शिवाय एवढा चपटा केलेला कॉर्निया दिवसासुद्धा पूर्वीसारखं चांगलं चित्र देत नाही. नंबर शून्य, तक्ता वाचता येतो, आणि तरी माणूस म्हणतो मला नीट दिसत नाही. तो खोटं बोलत नसतो.

मोठं बिल १९९८ मध्ये समोर आलं. जर्मनीच्या थिओ झायलर यांनी जास्त नंबरसाठी लॅसिक केलेल्या डोळ्यांत कॉर्निया फुगत चालल्याचं नोंदवलं. काच इतकी पातळ झाली की आतल्या दाबाने ती पुढे ढकलली जात होती. म्हणजे ज्या केराटोकोनसवरून सातोंना कल्पना सुचली, त्याच्यासारखाच आजार आता आपण तयार करत होतो. पुढे झायलर यांच्याच गटाने व्हिटॅमिन बी-२ चे थेंब आणि अतिनील प्रकाश वापरून कॉर्निया कडक करायची पद्धत काढली, क्रॉस-लिंकिंग. आता नियम कडक झालेत. पापुद्रा अधिक काढलेलं मांस मिळून एकूण जाडीच्या ४० टक्क्यांपर्यंत गेलं तर धोका, असाही एक हिशोब सर्जन करतात. आजच्या पातळ ११० मायक्रॉनच्या पापुद्र्याने मायनस दहा मोजा: ११० अधिक १२०, भागिले ५४०. साडेबेचाळीस टक्के. आता कळलं डॉक्टर ‘नको’ का म्हणाले?

आपल्याकडे हा मुद्दा आणखी महत्त्वाचा आहे. नागपूरच्या आसपासच्या ग्रामीण भागात झालेल्या एका मोठ्या अभ्यासात २.३ टक्के लोकांचे कॉर्निया केराटोकोनसच्या व्याख्येत बसले. त्यांनी निकष तसा सैल लावला होता, फक्त वक्रता ४८ च्या वर. पण सैल धरूनही आकडा छोटा नाही. डोळे चोळायची सवय असेल तर डॉक्टरला नक्की सांगा, लपवू नका.

“मग स्माइल?” हा प्रश्न येणारच. फेम्टोसेकंद लेसरची गोष्ट मजेदार आहे. मिशिगन विद्यापीठात जेरार मुरू यांच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात चुकून लेसर गेला, आणि त्याला तपासणारे डॉक्टर जखमेचा नेमकेपणा बघून चकित झाले. तिथून डोळ्यासाठी हा लेसर विकसित झाला. मुरूंना पुढे २०१८ चं नोबेल मिळालं. या लेसरने कॉर्नियाच्या आतच एक चकती कोरायची आणि छोट्या चिरेतून ओढून काढायची, हे जर्मनीच्या वॉल्टर झेकुंडो आणि मार्कुस ब्लम यांचं काम. पापुद्रा नाही, म्हणून तो सरकायची भीती नाही, कोरडेपणाही कमी. चांगलं ऑपरेशन आहे. पण मायनस दहासाठी मांस तेवढंच काढावं लागतं. स्माइलने झाकण बदललं, हिशोब नाही.

आता दुसरी तऱ्हा, घालायची. रोमच्या बेनेडेट्टो स्ट्रॅम्पेल्ली यांनी १९५३ मध्येच नैसर्गिक भिंग तसंच ठेवून, बुबुळाच्या पुढे प्लास्टिकची लेन्स बसवली. बार्सिलोनात होसे इग्नासिओ यांचे भाऊ होआकिन बाराकेर यांनीही अशा लेन्स खूप बसवल्या, आणि त्यातल्या मोठ्या संख्येने परत काढाव्या लागल्या. कारण तेच. त्या जाड, ओबडधोबड लेन्स कोपऱ्यात रुतायच्या आणि तोच पंपाचा थर खराब करायच्या. सातोंचं बिल, वेगळ्या दुकानातून. १९८० च्या दशकात याच जागेत सुधारलेल्या लेन्स पुन्हा आल्या आणि त्यातल्या कित्येक पुन्हा बाजारातून गेल्या.

नेदरलँड्सचे यान वोर्स्ट यांनी खेकड्याच्या नांगीसारखी लेन्स काढली, ती बुबुळालाच चिमटा काढून बसते. मूळ मोतीबिंदूसाठी होती, आणि भारतात अमृतसरच्या डॉ. दलजित सिंग यांनी ती मोठ्या प्रमाणावर वापरली. नंतर तीच मायनस नंबरसाठी आली. मायनस वीसपर्यंत जाते, पण दरवर्षी पेशी मोजत राहाव्या लागतात.

खरा बदल जागेचा होता. पुन्हा फ्योदोरोव्ह! १९८६ च्या सुमारास त्यांनी लेन्स बुबुळाच्या मागे, नैसर्गिक भिंगाच्या पुढे सरकवायला सुरुवात केली. पंपाच्या थरापासून लांब. आजची आयसीएल या वंशातली. मऊ, घडी घालून तीनेक मिलिमीटरच्या चिरेतून आत जाते आणि आत उलगडते. पण नवा शेजार म्हणजे नवा धोका. लेन्स नैसर्गिक भिंगाला टेकली, किंवा मधला द्रव फिरला नाही, तर मोतीबिंदू. द्रव अडकून दाब वाढू नये म्हणून आधी बुबुळाला लेसरने भोकं पाडावी लागायची. मग जपानच्या किमिया शिमिझू यांच्या कामातून लेन्सच्या मधोमध ०.३६ मिलिमीटरचं भोक आलं. युरोपात २०११ पासून, अमेरिकेत मंजुरी २०२२ मध्ये. इतकं बारीक भोक, नजरेला फारसं जाणवत नाही, पण द्रव वाहतो. मोतीबिंदूचं प्रमाण खूप खाली आलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात सुंदर इंजिनिअरिंग तेच आहे, एक भोक.

आणि जाड चष्मेवाल्यांसाठी बोनस. मायनस बाराचा चष्मा चित्र बारीक करतो. लेन्स डोळ्याच्या आत गेली की चित्र मोठं होतं, त्यामुळे काहींना चष्म्याने वाचता न येणारी तक्त्यावरची ओळसुद्धा वाचता येते. कॉर्निया शाबूत राहतो, आणि लेन्स काढता येते.

काढता येते म्हणजे निर्धोक असं मात्र नाही. हे डोळ्याच्या आतलं ऑपरेशन आहे. जंतुसंसर्ग दुर्मिळ, पण झाला तर लेसरपेक्षा कितीतरी गंभीर. बुबुळ आणि कॉर्नियामध्ये पुरेशी जागा हवी, साधारण तीन मिलिमीटर. लेन्सचं माप चुकलं, मोठी आली तर दाब वाढतो, छोटी आली तर भिंगाला टेकते, आणि मग बदलावी लागते. म्हणून कुठे करायचं हे ठरवताना मी लेन्सच्या ब्रँडआधी दोन गोष्टी विचारेन: माप कोणत्या मशिनने घेता, आणि लेन्सच्या मागची जागा नंतर दरवर्षी मोजता का? विशीत असाल, नंबर वर्षभर स्थिर असेल आणि मायनस दहा असेल, तर माझा कल उघडपणे आयसीएलकडे आहे. मायनस सहा-सातला, जाड आणि निरोगी कॉर्नियाला लेसरही चालतो. निर्णय अर्थात तुमच्या तपासण्या बघून डॉक्टर देतील, मी फक्त हिशोब दाखवतोय.

फुकालांचं ऑपरेशनही मेलेलं नाही बरं का. नैसर्गिक भिंग काढून कृत्रिम बसवणं आज चाळिशी-पन्नाशीनंतर, मोतीबिंदू सुरू होत असताना अगदी योग्य असू शकतं. पण पंचविशीतल्या मायनस बारावाल्याला कुणी हे सुचवलं तर सरळ विचारा, पडदा सुटायच्या धोक्याचं काय? १८९० चा प्रश्न आहे, आजही लागू आहे. आणि हो, जवळचं फोकस करायची ताकदही त्याच दिवशी जाते.

खर्चाचं एक. आपल्या आरोग्य विम्याच्या पॉलिसीत ठरावीक वगळण्यांची यादी असते, त्यात १५ व्या कोडमध्ये लिहिलंय की ७.५ पेक्षा कमी नंबरच्या दृष्टिदोषावरचा उपचार भरला जात नाही. म्हणजे ७.५ किंवा वरच्यांना दार उघडं असू शकतं. ‘लेसर-बिसर कुणी देत नाही’ असं ऐकून गप्प बसू नका, तुमची पॉलिसी काढून वाचा, आणि ऑपरेशनच्या आधी कंपनीकडून लेखी घ्या.

आता ते सुरुवातीचं वाक्य. डोळा लांब आहे, पडदा ताणलेला आहे. १९३० मध्ये रशियात शेवेलेव यांनी डोळ्याच्या मागे पट्टा बांधून लांबी रोखायची कल्पना मांडली, आणि तसल्या शस्त्रक्रिया काही ठिकाणी आजही होतात. पण लॅसिक, स्माइल, आयसीएल, यातलं काहीही डोळा एका मिलिमीटरनेही आखूड करत नाही. चष्मा गेला तरी पडद्याच्या हिशोबाने तुम्ही मायनस दहाच. काळे ठिपके अचानक वाढले, वीज चमकल्यासारखं दिसलं, किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि दरवर्षी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. चष्मा असताना लोक जातात, कारण चष्मा बदलायचा असतो. ऑपरेशननंतर जात नाहीत, कारण सगळं छान दिसतंय.

आणि लेसर केलं असेल किंवा करणार असाल, तर आधीचा नंबर आणि कॉर्नियाची वक्रता लिहिलेला कागद जपून ठेवा. साठीत मोतीबिंदू होईल, तेव्हा आत कोणत्या ताकदीची लेन्स घालायची ते कॉर्नियावरून काढतात. कोरलेला कॉर्निया नेहमीच्या सूत्राला चकवतो, कमी ताकदीची लेन्स निवडली जाऊ शकते आणि माणूस प्लस नंबरवर जातो. नवी सूत्रं आली आहेत, तरी जुने आकडे हाताशी असले तर डॉक्टरांचं काम सोपं होतं. फोटो काढून ईमेलवर स्वतःलाच पाठवून ठेवा. दवाखाना तीस वर्षांनी तिथेच असेल असं नाही.